हवाईत घर स्वस्त दिसतंय? आधी कारण शोधा

हवाईतल्या घरांच्या जाहिराती बघत बसणं हा मेनलँडवरच्या, म्हणजे बाकीच्या अमेरिकेतल्या बऱ्याच लोकांचा हिवाळ्यातला टाइमपास असतो, बाहेर बर्फ साचलाय आणि आपण लॅपटॉपवर होनोलुलूच्या वायकीकीत फिरतोय. आणि मग एखादी जाहिरात अशी येते की दोनदा वाचावी लागते. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एक बेडरूम, बाल्कनीतून डायमंड हेडचा डोंगर दिसतोय, किचन नवं, आणि किंमत शेजारच्या बिल्डिंगमधल्या तसल्याच फ्लॅटच्या निम्म्याहून कमी. किंवा बिग आयलंडवर कुठेतरी अख्खा एक एकर प्लॉट, सेकंडहँड गाडीच्या पैशात. लगेच घरात चर्चा सुरू, रिटायर झाल्यावर जाऊ, तोपर्यंत एअरबीएनबीवर टाकू, हप्ता तिथूनच सुटेल.

त्या चर्चेच्या आधी हे वाचा. माझं म्हणणं एकच आहे, हवाईत कुठलीही गोष्ट चुकून स्वस्त राहत नाही. बेटं छोटी, जमीन मोजकी, घ्यायला सगळं जग टपलेलं, तरी एखादी जागा पडून असेल तर तिला कारण असतं आणि ते कारण बहुतेक वेळा कागदावर सरळ लिहिलेलं असतं, फक्त ते कुठे शोधायचं हे मेनलँडवरच्या माणसाला माहीत नसतं, कारण तो राहतो तिथे हा प्रश्नच कधी आलेला नसतो.

आधी एक शंका मिटवून टाकू. विकत घेता येतं का? येतं. हवाई हे अमेरिकेचंच राज्य, तिथे घर घ्यायला ना तिथलं रहिवासी असावं लागत, ना सिटिझन, एच-वन-बीवाल्यालाही घेता येतं. एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणारा तिसरा पक्ष), टायटल इन्शुरन्स (मालकी हक्कात खोट निघाली तर त्याचा विमा), इन्स्पेक्शन, सगळं मेनलँडसारखंच, बऱ्याच सह्या तर घरबसल्या होतात. म्हणूनच लोक गाफील राहतात. व्यवहार ओळखीचा वाटतो पण पदरात काय पडतंय ते ओळखीचं नसतं.

तर तो वायकीकीचा स्वस्त फ्लॅट. जाहिरातीत खाली कुठेतरी 'लँड टेन्युअर' अशी ओळ असते. तिथे एफएस लिहिलं असेल तर फी सिंपल, म्हणजे घर पण तुमचं आणि खालची जमीन पण तुमची, कॉन्डो, म्हणजे बिल्डिंगमधला मालकीचा फ्लॅट, असेल तर जमिनीतला हिस्सा तुमचा, कायमचा. एलएच असेल तर लीजहोल्ड. म्हणजे जमीन दुसऱ्याची, तुम्ही घेताय तो ठरावीक वर्षांसाठी तिथे राहण्याचा हक्क, आणि वर दर महिन्याला जमिनीचं भाडं वेगळं द्यायचं. नवी मुंबईत सिडकोची ६० वर्षांची लीज असते हे आपल्या लोकांना माहीत असतं आणि ती संपणार म्हणून कोणी झोप उडवून घेत नाही, पुढे सरकार काहीतरी करेलच असा हिशोब असतो. तोच हिशोब इथे लावू नका. इथे समोर बहुतेक वेळा खासगी मालक असतो, एखादा मोठा ट्रस्ट नाहीतर जुनं घराणं, आणि लीजवरची शेवटची तारीख त्याच्या लेखी खरोखर शेवटची असते. बऱ्याच लीजमध्ये सरेंडरचं कलम असतं, मुदत संपली की जमिनीसकट वरचं बांधकामही मालकाकडे, तुम्ही बॅग भरून बाहेर, आणि हातात शून्य.

त्याच्या आधीही दोन ठिकाणी पाय अडकतो. एक म्हणजे लीज रेंट. आज कमी दिसतं, पण लीजमध्ये ते कोणत्या वर्षी नव्याने ठरणार हे लिहिलेलं असतं, आणि ते त्या वेळच्या जमिनीच्या भावावर ठरतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या भावाने चाललेलं भाडं एका झटक्यात कितीतरी पट होऊ शकतं आणि नको म्हणायची सोय नसते. दुसरं म्हणजे कर्ज. बँकेला कर्ज फिटल्यावरसुद्धा काही वर्षं लीज शिल्लक लागते. समजा लीज २०५० ला संपतेय आणि तुम्ही २०२६ मध्ये घेताय, उरली २४ वर्षं, तीस वर्षांचं कर्ज विसरा. बरं तुम्ही कॅश दिलीत, दहा वर्षं वापरलंत आणि २०३६ ला विकायला काढलंत, आता उरली १४, म्हणजे तुमचं गिऱ्हाईकही फक्त कॅशवालंच असणार आणि तोही १४ वर्षांचेच पैसे देणार. घरांचे भाव चढत असताना तुमचा भाव उतरत असतो तो असा.

म्हणून लीजहोल्ड घेऊच नये का? असंही नाही. पासष्टीच्या माणसाला हातात रोख पैसे आहेत, वीस वर्षं दर हिवाळ्यात येऊन राहायचंय, मुलांसाठी काही ठेवायची अपेक्षा नाही, त्याने हे एकरकमी भरलेलं भाडं समजून घेतलं तर गणित जमू शकतं. इन्व्हेस्टमेंट म्हणून मात्र मी तरी हात लावणार नाही. कधीकधी जाहिरातीत 'फी अव्हेलेबल' लिहिलेलं असतं, म्हणजे मालक जमिनीतला हिस्सा विकायला तयार आहे, मग तो धरून एकूण किती होतात ते बघा आणि तीच खरी किंमत समजा. धरली की स्वस्ताई बहुतेक वेळा गायब होते.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे, आणि तो माहीत असला की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. १८४८ साली तिसऱ्या कामेहामेहा राजाच्या काळात 'माहेले' म्हणजे जमिनीची वाटणी झाली, राजा, सरदार आणि सरकार यांच्यात. त्याआधी खासगी मालकी अशी नव्हतीच. १८५० मध्ये परदेशी लोकांना जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी साध्या कसणाऱ्या लोकांना आपापल्या तुकड्यावर हक्क सांगायचा कायदाही झाला, पण त्यांच्या वाट्याला एकूण जमिनीच्या एक टक्काही आली नाही. पुढे ऊसवाले आले, मोठमोठे पट्टे मोजक्या हातांत गेले, १८९३ मध्ये राणीला पदच्युत केलं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. राजघराण्यातल्या बर्नीस पाउआही बिशप यांनी आपली जमीन हवाईयन मुलांच्या शिक्षणासाठी ट्रस्टला दिली, तो ट्रस्ट म्हणजे आजचं कामेहामेहा स्कूल्स, साडेतीन लाख एकरांहून जास्त जमीन, राज्यातला सगळ्यात मोठा खासगी जमीनमालक.

१९६० च्या दशकात परिस्थिती अशी होती की राज्यातली ४७ टक्के जमीन फक्त ७२ खासगी मालकांकडे, ४९ टक्के राज्य आणि केंद्र सरकारकडे, उरलेल्या चार टक्क्यांत बाकी सगळी जनता. मालक विकायचे नाहीत, लीजवर द्यायचे. म्हणून १९६७ मध्ये राज्याने कायदा केला की लीजवर राहणाऱ्याला मालकाकडून जमीन विकत घेता आली पाहिजे, मालक कोर्टात गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९८४ मध्ये कोर्टाने एकमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. मग हजारो स्वतंत्र घरांखालची जमीन राहणाऱ्यांची झाली. पण कॉन्डो त्यात नव्हते. होनोलुलूने कॉन्डोंसाठी १९९१ मध्ये वेगळा कायदा केला खरा, पण तो २००५ मध्ये रद्द झाला. म्हणून आजही लीजहोल्डची गंमत मुख्यतः ओआहूच्या, म्हणजे होनोलुलू ज्या बेटावर आहे तिथल्या, कॉन्डोंमध्ये सापडते.

त्या १८५० च्या छोट्या तुकड्यांना कुलेआना म्हणतात आणि तेही अधूनमधून विक्रीला येतात, दरीत, ओढ्याकाठी, चित्रासारखी जागा. पिढ्यान्‌पिढ्या मृत्युपत्राशिवाय वारस वाढत गेलेत, एकेका तुकड्यात कित्येक जणांचा हिस्सा, तुम्हाला विकला जातोय तो कदाचित त्यातला एकच. मार्क झुकरबर्ग यांनी २०१४ मध्ये कावाई बेटावर सुमारे ७०० एकर घेतली, त्यात मध्येमध्ये असे तुकडे होते, २०१६ च्या शेवटी त्यांच्या कंपन्यांनी मालकी पक्की करायला कोर्टात दावे लावले, आणि लोक एवढे खवळले की पुढच्याच महिन्यात दावे मागे घ्यावे लागले. जिथे झुकरबर्गना जमलं नाही तिथे आपण स्वस्त मिळतंय म्हणून शिरायचं का, तुमचं तुम्ही ठरवा. टायटल कंपनी इन्शुरन्स द्यायला का-कू करत असेल तर तेच उत्तर समजा.

आता तो एक एकरचा प्लॉट. बिग आयलंड म्हणजे हवाई नावाचंच बेट, त्याच्यावर किलाउएआ आणि मौना लोआ हे दोन दणदणीत जिवंत ज्वालामुखी. यूएसजीएसने, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र खात्याने, या बेटाचे लाव्हाच्या धोक्यानुसार नऊ झोन पाडलेत, एक नंबर सगळ्यात धोक्याचा, नऊ सगळ्यात कमी. झोन एक म्हणजे ज्वालामुखीची तोंडं आणि त्यांच्या भेगांचा पट्टा, म्हणजे जिथून लाव्हा बाहेर येतो तीच जागा. पन्नास-साठच्या दशकांत पुना आणि काऊ या भागांत बिल्डर लोकांनी लाव्हाच्या खडकावर नकाशात रेघा मारून हजारोंनी प्लॉट पाडले आणि मेनलँडवर विकले, बऱ्याच ठिकाणी ना धड रस्ता, ना पाण्याची लाइन, ना गटार. आज स्वस्त दिसणारे प्लॉट बहुतेक तेच.

आणि धोका म्हणजे पुस्तकातला नाही. १९९० मध्ये कालापाना गाव लाव्हाखाली गेलं. २०१८ च्या मे महिन्यात लेलानी इस्टेट्स नावाच्या वस्तीत, लोकांच्या घरांच्या मधल्या रस्त्यालाच भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा उसळायला लागला, काही महिन्यांत सातशेवर घरं गेली, कापोहोचा अख्खा उपसागर भरून गेला. कापोहो गाव त्याआधी १९६० मध्येही एकदा गेलं होतं. लाव्हा गेल्यावर प्लॉट तुमचाच राहतो, फक्त तो आता कित्येक फूट दगडाखाली असतो आणि तिथे जायला रस्ता नसतो. बरं, लाव्हा समुद्रात जाऊन नवी जमीन तयार झाली आणि ती नेमकी तुमच्या प्लॉटला लागून असली तर? ती तुमची नाही, राज्याची, १९७७ मध्ये हवाईच्या सुप्रीम कोर्टाने तसं ठरवून टाकलंय. जुनी गेली ती तुमची, नवी आली ती सरकारची, असा सगळा मामला.

झोन एक आणि दोनमध्ये बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत आणि नेहमीच्या इन्शुरन्स कंपन्या उभ्या राहत नाहीत. कालापानानंतर १९९१ मध्ये राज्याने एक वेगळी व्यवस्था उभी केली, हवाई प्रॉपर्टी इन्शुरन्स असोसिएशन, तिच्याकडून पॉलिसी मिळते पण प्रीमियम झोंबतो. म्हणून जाहिरात दिसली की फोटो बघायच्या आधी लाव्हा झोन बघा. तीन नंबरलाही माणसं सुखाने राहतात, कर्जही मिळतं, एकाच रस्त्यावर झोन बदलतो आणि भावही बदलतो. कोणी स्थानिक माणूस समजून उमजून झोन दोनमध्ये कॅशने छोटं घर बांधतो, त्याला मी नावं ठेवणार नाही, तो तिथे रोज राहतो आणि सायरन वाजला तर गाडीत सामान टाकून निघू शकतो. तुम्ही चार हजार किलोमीटरवरून काय करणार?

याच भागात पाण्याची दुसरी गंमत. नळाचं पाणी नाही, पावसाचं पाणी गोळा करायचं, त्याला कॅचमेंट म्हणतात. छप्पर पत्र्याचं, त्याला पन्हळी, पन्हळीतून पाइप घराच्या बाजूला असलेल्या मोठ्या गोल टाकीत, टाकीला आतून प्लास्टिकचं अस्तर आणि वरून जाळीचं झाकण. तिथून पंप, मग एकापुढे एक फिल्टर, शेवटी यूव्हीचा दिवा, मग नळ. हिलोकडे पाऊस भरपूर त्यामुळे टाकी भरलेली असते, काऊच्या कोरड्या बाजूला उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. या पाण्याची तपासणी सरकार करत नाही, जबाबदारी पूर्ण तुमची. वरच्या जाळीवर पानं साचतात, पालीबिली मरून पडतात, गोगलगायी चढतात, आणि त्या भागात गोगलगायींमधून माणसाच्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या एका जंताचा आजार आहे, रॅट लंगवर्म, त्यामुळे फिल्टर वेळेवर बदलणं हा तिथे हौसेचा विषय नाही. आता हे घर सहा महिने बंद आहे आणि तुम्ही शिकागोत आहात अशी कल्पना करा. भाडेकरूने पाणी प्यायलं आणि दिवा कधी बंद पडला कोणालाच माहीत नाही.

सांडपाण्याचंही विचारा. राज्यात ८० हजारांहून जास्त घरांना अजून सेसपूल आहे, म्हणजे सरळ जमिनीतला खड्डा, प्रक्रिया काही नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ते सगळे २०५० पर्यंत बदलायचेत, सेप्टिक टाकी तरी घाला नाहीतर गटाराला जोडा, आणि खडक फोडून हे करायचं म्हणजे खर्च हजार-दोन हजार नव्हे, कित्येक हजार डॉलर. २०५० लांब वाटतं पण तुमच्यानंतर घेणारा तो खर्च तुमच्या किमतीतूनच कापणार. परमिट नसलेलं वाढीव बांधकाम हाही तिथला आवडता खेळ, मागे एक खोली, वर एक डेक, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारच्या, रेकॉर्डला काहीच नाही. रेकॉर्डमधले चौरस फूट आणि जाहिरातीतले चौरस फूट ताडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

समुद्राकाठच्या घराबद्दल थोडक्यात. हवाईत बीच कोणाचाच नसतो, सगळ्यांचा असतो, लाटांचं पाणी जिथवर चढतं तिथवर जमीन सार्वजनिक. समुद्र आत सरकला की तुमची हद्दही आत सरकते आणि भिंत बांधून समुद्र अडवू म्हणालात तर परवानगी मिळणं महाकठीण. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओआहूच्या नॉर्थ शोअरला एक घर वाळू सरकल्यामुळे सरळ बीचवर येऊन पडलं. १ मे २०२२ पासून समुद्राची पातळी वाढल्यास जागा धोक्याच्या पट्ट्यात येतेय का हे विकणाऱ्याने लेखी सांगायलाच पाहिजे. तो कागद वाचा.

आणि फी सिंपल कॉन्डो, चांगल्या जागी, लाव्हा नाही, समुद्र लांब, तरी स्वस्त? मग मेंटेनन्स फी बघा. होनोलुलूत सत्तरच्या दशकातल्या उंच बिल्डिंगा भरपूर, त्यांचे ओतीव लोखंडाचे पाइप आता सडलेत, लिफ्टा जुन्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आलंय, आणि मालकांच्या असोसिएशनकडे, तिकडे एओएओ म्हणतात, फंड पुरेसा नसला की स्पेशल असेसमेंट येते, म्हणजे प्रत्येक फ्लॅटवाल्याने एवढे हजार डॉलर आणून द्या. त्यात गेल्या काही वर्षांत वादळाच्या इन्शुरन्सचे दर असे भडकले की काही बिल्डिंगांनी पूर्ण कव्हर घेणंच सोडलं, मग बँका त्या बिल्डिंगमध्ये कर्ज देईनात, मग भाव पडले. २०२४ मध्ये गव्हर्नरना यासाठी आणीबाणीचा आदेश काढावा लागला. १९९२ मध्ये इनिकी वादळाने कावाई उद्ध्वस्त केल्यावर इन्शुरन्स कंपन्यांनी असाच काढता पाय घेतला होता. म्हणून असोसिएशनच्या मीटिंगांची मिनिट्स मागा, मागच्या दोनेक वर्षांची, आणि चहा घेऊन शांतपणे वाचा. ब्रोशरमध्ये समुद्र असतो, मिनिट्समध्ये पाइप असतात. पाइपांवरून भांडण चालू असेल तर वर्ष-दोन वर्षांत बिल येणार हे नक्की समजा. रिझर्व्ह स्टडी, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांना फंड पुरेल का याचा अहवाल, तोही मागा. एजंट म्हणेल एवढं कोणी वाचत नाही, त्याला म्हणावं आम्ही वाचतो.

आता मुद्द्याचं, एअरबीएनबी. मेनलँडवरच्या लोकांचं सगळं गणित इथेच उभं असतं आणि इथेच कोसळतं. ओआहूवर रिसॉर्ट झोन आणि आणखी थोड्या ठिकाणांचा अपवाद सोडला तर ३० दिवसांपेक्षा कमी भाड्याने देता येत नाही. नव्वदच्या सुमारास काही घरांना जुनं सर्टिफिकेट मिळालं होतं, ते ज्याच्याकडे आहे त्याला चालतं, नवी मिळत नाहीत. सिटीने ३० चे ९० दिवस करायचा घाट घातला होता, तो २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने अडवला. दंड दिवसाला हजारो डॉलरपर्यंत जातो, आणि नुसती जाहिरात टाकली तरी लागू शकतो. शेजारी तक्रार करतात, हे धरूनच चला.

माऊई बेटावर प्रकरण आणखी नाजूक आहे. तिथे अपार्टमेंट झोनमधल्या कितीतरी कॉन्डोंना २००१ मधल्या एका सरकारी वकिलाच्या मताच्या जोरावर रोजच्या भाड्याची सवलत मिळत आली, त्या वकिलाच्या नावावरून यादीलाच मिनातोया लिस्ट म्हणतात. ८ ऑगस्ट २०२३ ला माऊईवरचं लहायना गाव आगीत जळालं, शंभरावर माणसं गेली, दोन हजारांहून जास्त इमारती राख झाल्या, हजारो लोक बेघर, आणि त्याच बेटावर हजारो फ्लॅट टुरिस्टांसाठी राखून ठेवलेले. पुढच्या वर्षी राज्याने काउंट्यांना असं भाडं बंद करायचा स्पष्ट अधिकार दिला आणि माऊईच्या मेयरनी सुमारे सात हजार युनिटं टप्प्याटप्प्याने रोजच्या भाड्यातून काढायचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे माऊईवर एखादा कॉन्डो अचानक स्वस्तात दिसला तर आधी तो या यादीत आहे का बघा, आणि आत्ता नियम काय आहे ते विकणाऱ्याच्या एजंटला नाही, काउंटीच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटला विचारा. लोक म्हणतात हा मालकांवर अन्याय आहे. असेलही. पण तिथल्या नर्सला, शिक्षकाला राहायला घर मिळत नाही आणि आपण वर्षातले दोन आठवडे येणार, मतं कोणाची जास्त आहेत हे कळायला फार डोकं लागत नाही, त्यामुळे वारं उलटं फिरेल या भरवशावर हप्ता ठरवू नका. लांबच्या भाडेकरूच्या भाड्यात हप्ता, फी, टॅक्स भागतोय का, ते करून बघा. भागत नसेल तर हे घर तुमच्या पगारातून चालणार आहे, तेवढं मान्य असेल तर घ्या.

आणि कर्जाच्या फॉर्मवर 'आम्ही स्वतः राहणार' लिहून कमी व्याज मिळवायची आयडिया कोणी दिली तर कानाला खडा लावा, तो मॉर्टगेज फ्रॉड आहे.

घर लांब असण्याचा म्हणून एक वेगळा खर्च असतो. तुम्ही त्या बेटावर राहत नसाल आणि घर भाड्याने देत असाल तर कायद्याने त्याच बेटावर तुमचा एजंट नेमावा लागतो, होनोलुलूत राहून माऊईचं घर भाड्याने दिलं तरी. चांगला मॅनेजर भाड्यातला बऱ्यापैकी तुकडा घेतो आणि तो घ्यावाच, कारण खारा वारा एसी, कुलूप, बिजागरी, सगळं खातो, दमट हवेत बंद घराला बुरशी येते, आणि वाळवी तर विचारू नका. फॉर्मोसन नावाची वाळवी तिथे मुक्कामालाच आहे. कोरड्या लाकडातली वाळवी काढायला अख्ख्या घरावर रंगीत ताडपत्रीचा तंबू चढवतात आणि आत गॅस सोडतात, त्याआधी फ्रीजमधलं, कपाटातलं, औषधांचं, सगळं खास पिशव्यांत डबल बांधायचं किंवा बाहेर काढायचं, कुंड्या बाहेर, माणसं दोन-तीन दिवस बाहेर. भाडेकरू आत असताना ही तारीख जुळवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड. लाकूड, टाइल, फ्रीज, सगळं जहाजाने येतं, आणि १९२० च्या जोन्स ॲक्टमुळे मेनलँडवरून माल आणायचा तर अमेरिकेत बांधलेलं अमेरिकन जहाजच लागतं, त्यामुळे दुरुस्तीचे भाव मेनलँडच्या अंदाजाने धरू नका. वीज तर देशात सगळ्यात महाग.

टॅक्सबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की हवाईत प्रॉपर्टी टॅक्स अगदी कमी. कमी आहे, पण तो तिथे राहणाऱ्याला. होम एक्झम्प्शन, म्हणजे स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी सूट, तुम्हाला मिळणार नाही, आणि होनोलुलूत घराची किंमत दहा लाख डॉलर किंवा वर असेल आणि मालक राहत नसेल तर ते 'रेसिडेन्शिअल ए' नावाच्या वेगळ्या वर्गात जातं, दर जास्त. रोजच्या भाड्याचं युनिट असेल तर आणखी जास्त. भाड्यावर जनरल एक्साइज टॅक्स लागतो, साडेचार टक्के, लांबच्या भाडेकरूकडून आलेल्या भाड्यावरसुद्धा, नफा झालेला असो नसो. १८० दिवसांपेक्षा कमी भाड्यावर वरून ट्रान्झिएंट अकोमोडेशन्स टॅक्स, राज्याचा २०२६ च्या सुरुवातीपासून ११ टक्के आणि काउंटीचे तीन वेगळे. दर वर्षी हवाईचा इन्कम टॅक्स रिटर्न भरायचा, तो सीएच्या फीमध्ये धरा.

शेवटचा दणका विकताना. विकणारा हवाईचा रहिवासी नसेल तर एस्क्रोमध्येच ७.२५ टक्के रक्कम कापून राज्याकडे जाते, त्याला हार्प्टा म्हणतात. ही नफ्यावर नाही, पूर्ण विक्री किमतीवर. सहा लाखाला घेतलं, सहा लाखाला विकलं, नफा शून्य, तरी ४३,५०० डॉलर अडकले. त्यात कर्ज फेडायचं, एजंटचं कमिशन द्यायचं, कधीकधी क्लोजिंगलाच, म्हणजे व्यवहार पुरा होतानाच, खिशातून पैसे घालायची वेळ येते. टॅक्सच्या दृष्टीने परदेशी असाल, म्हणजे समजा मधल्या काळात भारतात परत गेलात, तर फेडरलचे १५ टक्के आणखी वेगळे कापले जातात, ग्रीन कार्डवाल्याला तो प्रश्न नाही. हे पैसे बुडत नाहीत, जास्त कापलेले परत मिळतात. नफा नाही हे आधीच स्पष्ट असेल तर क्लोजिंगच्या पुरेसं आधी एन-२८८बी फॉर्म भरून कपात माफ किंवा कमी करून घेता येते, ते राहिलं तर नंतर एन-२८८सी भरून रिफंड मागायचा, नाहीतर वर्षअखेरच्या रिटर्नपर्यंत थांबायचं. खरेदीच्या वेळचं क्लोजिंग स्टेटमेंट आणि मोठ्या दुरुस्त्यांच्या पावत्या तेव्हा लागतात, त्या घर घेतल्या दिवसापासून एका फाइलमध्ये टाकत जा.